तळेगावचे सेनापती आणि पुण्याचे पेशवे

इंग्लंडच्या मध्ययुगीन इतिहासात सायमन द माँटफर्ड हे नाव वारंवार येते. हा उमराव तिसऱ्या हेन्री राजाचा मेहुणा. तो राजावर उलटला, १२६४ साली लुईसच्या लढाईत त्याने राजाला कैद केले आणि पुढच्याच वर्षी ईव्हशॅमच्या रणांगणावर तो मारला गेला. राजाच्या कृपेने वाढलेले घराणे दरबाराशी का झुंजते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मावळच्या माणसाला फार दूर जावे लागत नाही. तळेगावचे दाभाडे घराणे आहेच.

खंडेराव दाभाडे यांना शाहू महाराजांनी १७१७ साली सेनापतिपद दिले. गुजराथेत मराठ्यांचा अंमल बसविण्यात त्यांचा व त्यांच्या सरदारांचा मोठा वाटा. साहजिकच गुजराथ म्हणजे सेनापतींचा प्रांत, अशी घराण्याची भावना झाली. १७२९ साली खंडेराव वारले आणि त्र्यंबकराव सेनापती झाले. तोच पेशव्यांनी गुजराथच्या चौथाईत हात घातला. सेनापतींच्या दृष्टीने हे अतिक्रमण, तर पेशव्यांच्या दृष्टीने राज्याचा कारभार एका हाती हवा. त्र्यंबकरावांनी निजामाशी संधान बांधले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ बाजीरावांशी लढाई होऊन त्र्यंबकराव गोळी लागून पडले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन्ही पक्ष छत्रपतींचेच सेवक होते. शाहू महाराजांनी मध्यस्थी केली, सेनापतिपद त्र्यंबकरावांचे धाकटे बंधू यशवंतराव यांना दिले आणि कारभार मातोश्री उमाबाईंनी सांभाळला. गुजराथच्या वाटणीचा करार झाला. पण तो मनापासून कोणी पाळला नाही. १७४९ साली महाराज गेले आणि मधला आधार तुटला. पेशव्यांनी अर्ध्या गुजराथेचा आग्रह धरला. १७५० साली उमाबाई आळंदीस स्वतः नानासाहेब पेशव्यांना भेटल्या. तो करार जबरदस्तीचा, असे त्यांचे म्हणणे. ते मान्य झाले नाही. मग त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली आणि दमाजी गायकवाडांस फौजेसह पाठविले. १७५१ साली दमाजी पकडले गेले, दाभाड्यांवरही कैद आली. गायकवाड-दाभाडे मंडळींपैकी काहींस लोहगडावर ठेवले. पुढे दमाजी निम्मी गुजराथ देऊन सुटले. उमाबाई १७५३ साली वारल्या.

यात फितूर कोण आणि इमानी कोण, असा वाद आपल्याकडे रंगतो. माझ्या मते तो प्रश्नच चुकीचा आहे. पद हे वंशपरंपरेचे वतन की राज्याने सोपविलेले काम, हा खरा प्रश्न होता आणि त्याचा निकाल देणारा सर्वमान्य नियम आपल्याजवळ नव्हता. इंग्लंडातील उमरावही स्वार्थी होतेच. पण त्यांच्या भांडणातून १२१५ ची सनद आणि १२५८ च्या ऑक्सफर्डच्या अटी निघाल्या. राजाने काय करावे व काय करू नये, हे कागदावर आले. पुढे त्या अटी मोडल्या गेल्या, तरी ती सनद पुढच्या पिढ्यांच्या हाती राहिली. आपल्या भांडणातून निघाल्या त्या केवळ वाटण्या.

तळेगावहून लोणावळ्याकडे जाताना लोहगड दिसतो, तेव्हा शिवरायांच्या पराक्रमाची आठवण जरूर करावी. तिच्याबरोबर, सेनापतींच्या घरची माणसे त्याच गडावर कैदेत का बसली, हेही मुलांना सांगावे.