कर्णिकांमधले छिद्र आणि ‘छत्री’: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये, म्हणजे उजव्या आणि डाव्या कर्णिकेमध्ये, एक पातळ पडदा असतो. त्यात जन्मतः छिद्र राहिले, की डावीकडचे शुद्ध रक्त उजवीकडे वळते आणि फुप्फुसांकडे गरजेपेक्षा जास्त रक्त जाते. हृदयाला छिद्र असले म्हणजे मूल निळे पडणारच, ही समजूत या दोषाला लागू होत नाही. अशुद्ध रक्त शरीराकडे जातच नाही, मग निळेपणा येणार कुठून? मूल चारचौघांसारखे खेळते, आणि अनेकांना हा दोष तिशी-चाळिशीत, जिना चढताना धाप लागू लागल्यावर किंवा छातीत धडधड होऊ लागल्यावरच कळतो.

त्रास नाही, तर उपचार कशाला, असे म्हणणे म्हणूनच धोक्याचे. जादा रक्ताच्या ओझ्याने हृदयाची उजवी बाजू हळूहळू फुगत असते. मात्र प्रत्येक छिद्र बुजवायचे नसते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान छिद्रे बालपणीच आपोआप मिटण्याची शक्यता बरीच असते. इकोच्या अहवालात ‘पीएफओ’ वाचून घरात रडारड होते, ती तर बहुतेक वेळा विनाकारण. गर्भावस्थेतली ती झडपेसारखी फट सुमारे एक चतुर्थांश प्रौढांत उघडी राहते आणि बहुतेकांना तिचा काहीच त्रास होत नाही.

सर्वांत पक्का गैरसमज असा, की आता कोणतेही छिद्र मांडीतून छत्री घालून बुजवता येते. नेहमीची छत्री चालते ती पडद्याच्या मध्यभागातील, ‘सेकंडम’ प्रकारच्या छिद्रालाच. सुदैवाने हाच प्रकार सर्वाधिक आढळतो. तिथेही छिद्राच्या आकाराइतकाच भोवतालचा काठ महत्त्वाचा. बहुतेक बाजूंनी सुमारे पाच मिलिमीटर काठ नसेल, तर छत्री धरणार कशाला? अशा वेळी शस्त्रक्रिया सुचवणारे डॉक्टर जुन्या वळणाचे ठरत नाहीत. जॉन गिबन यांनी 1953 मध्ये हार्ट-लंग मशीनच्या मदतीने हृदय उघडून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, ती याच दोषावर होती. आजही तिचे निकाल उत्तम आहेत.

छत्री म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या बारीक तारांची, मध्ये कंबर असलेली दुहेरी चकती. ती ताणून काही मिलिमीटर जाडीच्या नळीत भरतात आणि जांघेतल्या शिरेतून हृदयापर्यंत नेतात. नळीतून बाहेर पडताच तार मूळ आकार घेते: आधी डावीकडची चकती उघडते, मग उजवीकडची, आणि पडदा दोहोंच्या मध्ये येतो. यानंतर डॉक्टर छत्रीला जोडलेली केबल हलकेच पुढे-मागे ओढून पाहतात आणि इकोवर खात्री करतात. बैठक मनासारखी नसेल, तर सारे परत नळीत ओढता येते. पक्की असली तरच केबलचा आटा सोडतात. छाती उघडावी लागत नाही, टाक्यांची ओळ राहत नाही.

जोराच्या खोकल्याने छत्री निसटेल, ही भीती बहुतेकांना असते. निसटण्याचे प्रकार क्वचित घडतात, आणि घडलेच तर बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत. म्हणून घरी सोडण्यापूर्वी पुन्हा इको करतात. साधारण सहा महिन्यांत हृदयाचे आतले अस्तर तिच्यावर चढते. तोवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिनसारखी गोळी दिली जाते, आणि दात काढण्यासारख्या उपचारांआधी प्रतिजैविक. मूल वाढले तरी छत्री बदलावी लागत नाही. भोवतालचा पडदा वाढत राहतो. आताच्या छत्र्यांसह एमआरआयही करता येतो, फक्त आधी माहिती द्यावी. निकेलची ॲलर्जी असेल तर ती मात्र छत्री बसवण्यापूर्वीच सांगायला हवी. छत्री घासून हृदयाच्या भिंतीला इजा होणे अत्यंत दुर्मीळ, पण काही वर्षांनंतरही संभवते. त्यामुळे बरे वाटते म्हणून पुढच्या तपासण्या टाळू नयेत.

वय झाले, आता काय उपयोग, हेही खरे नाही. साठीनंतर छत्री बसवलेल्यांची दमछाकही कमी होते. अडचण वयाची नसते, फुप्फुसांतल्या दाबाची असते. तो फार वाढून रक्तप्रवाहच उलटला, की रुग्ण निळा पडू लागतो. त्या अवस्थेत छिद्र बुजवणे घातक ठरते, कारण उजव्या बाजूचा दाब हलका करणारी तेवढीच वाट उरलेली असते.