संरक्षणाची परिभाषा : कॅथलिक धर्मग्रामातील बालके व परावलंबी प्रौढ

बालकांचे आणि परावलंबी प्रौढांचे रक्षण हे कॅथलिक धर्मग्रामाचे, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील उपासकसमाजाचे, आद्य कर्तव्य होय, याविषयी दुमत नाही. प्रश्न उद्भवतो तो रक्षण कोणाचे आणि कशापासून करावयाचे, हे ठरविताना. आणि हे ठरते नियमांतील शब्दांवरून. जो शब्दाच्या कक्षेबाहेर राहतो, तो बहुधा संरक्षणाच्याही कक्षेबाहेर राहतो. या दृष्टीने ख्रिस्तसभेच्या धर्मसंहितेतील परिभाषेचा प्रवास पाहण्याजोगा आहे.

१९१७ च्या संहितेत धर्मगुरूने सोळा वर्षांखालील व्यक्तीशी केलेले लैंगिक दुष्कृत्य 'सहाव्या आज्ञेविरुद्ध अपराध' म्हणून नोंदले होते. कॅथलिक गणनेनुसार ही आज्ञा व्यभिचारनिषेधाची होय. १९८३ च्या संहितेने वयोमर्यादा तीच ठेवली आणि हा अपराध 'विशेष कर्तव्यांविरुद्धचे अपराध' या शीर्षकाखाली घातला. म्हणजे भंग पावले ते धर्मगुरूचे व्रत. मूळ लॅटिन वाक्यात बालकाचा निर्देश 'कुम मिनोरे', अर्थात 'अल्पवयीनासह', असा आहे. ज्याच्यावर आघात झाला तो कर्मस्थानी न येता सहार्थी पदाने येतो, जणू तो त्या कृत्यातील सोबतीच होय. या रचनेत पापी दिसतो. पीडित दिसत नाही.

पुढील बदल टप्प्याटप्प्याने झाले. २००१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी वयोमर्यादा अठरा वर्षांपर्यंत वाढविली. २०१० मध्ये, ज्यांना विचारशक्तीचा उपयोग नेहमीच अपुरा असतो, अशा प्रौढांना अल्पवयीनांच्या बरोबरीने गणण्यात आले. ७ मे २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी काढलेल्या आदेशाने ही कक्षा आणखी रुंदावली. आजार, शारीरिक वा मानसिक उणीव किंवा स्वातंत्र्याचा अभाव यांमुळे जिची समजण्याची, इच्छा करण्याची वा प्रतिकार करण्याची क्षमता 'प्रसंगवशात् देखील' मर्यादित होते, अशी प्रत्येक व्यक्ती तीत आली. 'नेहमीच' या क्रियाविशेषणाकडून 'प्रसंगवशात्' कडे झालेले हे स्थित्यंतर लहान दिसले, तरी त्याचा परिणाम मोठा आहे. शस्त्रक्रियेनंतर अंथरुणास खिळलेला सुशिक्षित गृहस्थही आता या व्याख्येत बसू शकतो.

८ डिसेंबर २०२१ पासून अमलात आलेल्या सुधारित सहाव्या ग्रंथात हा अपराध 'मानवी जीवन, प्रतिष्ठा व स्वातंत्र्य यांविरुद्धचे अपराध' या शीर्षकाखाली हलविण्यात आला, आणि ख्रिस्तसभेत पद वा कार्य सांभाळणाऱ्या प्रापंचिकांनाही तो लागू झाला. मात्र कलमाच्या शब्दरचनेत सहावी आज्ञा आणि 'कुम मिनोरे' हा प्रयोग कायम आहे. शीर्षक पीडिताकडे पाहते, वाक्य अद्याप पाप्याकडे.

'व्हल्नरेबल' या इंग्रजी विशेषणाचीही गोष्ट अशीच आहे. लॅटिन 'वुल्नुस' म्हणजे जखम. यावरून 'जखम होण्याजोगा' हा त्याचा मूळ अर्थ. इंग्लंडमध्ये २००० सालच्या शासकीय मार्गदर्शिकेने 'व्हल्नरेबल अ‍ॅडल्ट' ही संज्ञा रूढ केली. अत्याचाराचे कारण जणू पीडिताच्याच ठायी आहे असे ती सुचविते, असा आक्षेप पुढे आला, आणि 'अ‍ॅडल्ट अ‍ॅट रिस्क', म्हणजे धोक्याच्या परिस्थितीतील प्रौढ, ही संज्ञा प्रचारात आली. पहिली संज्ञा स्वभाव सांगते, दुसरी परिस्थिती; आणि परिस्थिती पालटणे धर्मग्रामाच्या हाती असते.

ते कसे, हे इंग्लंड व वेल्समधील कॅथलिक व्यवस्थेवरून दिसते. लॉर्ड नोलन यांच्या समितीने २००१ मध्ये प्रत्येक धर्मग्रामात बालसंरक्षणासाठी एक प्रतिनिधी असावा, अशी शिफारस केली. धर्मशिक्षण देणारे, वेदीसेवक मुलांची देखरेख करणारे, घरी खिळलेल्या वृद्धांकडे ख्रिस्तप्रसाद नेणारे, अशा स्वयंसेवकांची पूर्वतपासणी हे त्याचे एक काम. यांतील शेवटचे उदाहरण विशेष विचारणीय आहे. वृद्धेच्या घराची किल्ली, पेन्शनचे पैसे, मृत्युपत्र या गोष्टी विश्वासाच्या नात्यातून सहज हाताशी येतात. म्हणून संरक्षण केवळ लैंगिक अत्याचारापुरते समजणे चुकीचे होय. दुसरे तत्त्व असे की, प्रतिनिधीने तक्रारीची शहानिशा स्वतः करू नये. ऐकावे, नोंदवावे, आणि विनाविलंब योग्य यंत्रणेकडे सोपवावे. आपल्याच ओळखीच्या माणसाचा न्याय करण्याचा मोह येथे नियमानेच टाळला आहे.

मराठी भाषेसही हा प्रश्न परका नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांतात उपासना मराठीतून चालते. बालकांपुरते पाहता २०१२ चा लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम स्पष्ट आहे : अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक होय, आणि अपराध घडल्याचे ज्यास ज्ञात आहे, त्याने पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. प्रौढांसाठी मात्र योग्य शब्द निवडावा लागतो. 'दुर्बल' म्हटल्यास दोष व्यक्तीकडे जातो. 'असहाय' म्हटल्यास तिची इच्छाच नाकारली जाते. 'परावलंबी' हा शब्द नित्य स्थितीचा बोध करून देतो, तात्पुरत्या स्थितीचा नाही. 'धोक्याच्या परिस्थितीतील प्रौढ' ही शब्दयोजना लांबट असली, तरी अर्थाशी अधिक प्रामाणिक आहे. सूचनाफलक वाचणाऱ्या एखाद्या आजारी माणसास 'हे माझ्यासाठीही आहे' असे वाटणे, हीच अशा संज्ञेची खरी कसोटी होय.