मोहगाव हवेली : अर्धनारीश्वराचं गाव, छिंदवाड्याचं राजकारण

नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याकडे निघालं, की मध्य प्रदेशची सीमा लागते. पाट्या हिंदी होतात, बोली मात्र मराठीच राहते. कपाशीची शेतं आणि संत्र्याच्या बागाही तशाच. या पट्ट्यातल्या सौंसर तालुक्यात मोहगाव हवेली आहे. अर्धनारीश्वराचं मंदिर ही गावाची ओळख. भाविक त्याला ज्योतिर्लिंगाचा मान देतात आणि महाशिवरात्रीला दर्शनासाठी रांगा लागतात.

१९५६पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून इथला माणूस कामासाठी भोपाळकडे बघतो आणि बाजारहाट, दवाखान्यासाठी नागपूर गाठतो. लोकसभेला मात्र मतदान छिंदवाड्यासाठी, आणि छिंदवाडा म्हटलं की चाळीस वर्षं एकच नाव घेतलं गेलं : कमलनाथ.

कानपूरला जन्मलेले, कोलकात्यात शिकलेले कमलनाथ या मातीतले नव्हेत. १९८०मध्ये इंदिरा गांधींच्या पक्षाचे उमेदवार म्हणून ते इथे आले आणि २०१४पर्यंत नऊ वेळा लोकसभेवर निवडून गेले. १९९६ला पत्नी अलका नाथ जिंकल्या. पुढल्याच वर्षी पोटनिवडणुकीत भाजपच्या सुंदरलाल पटवांनी कमलनाथांना हरवलं. १९९८ला कमलनाथांनी जागा परत मिळवली. दिल्लीत पर्यावरण, वस्त्रोद्योग, वाणिज्य, रस्ते वाहतूक, नगरविकास अशी खाती त्यांनी सांभाळली.

पुढारी सहसा ग्रामपंचायतीतून दिल्लीला जातो. हे आधी दिल्लीत स्थिरावले आणि मग राज्यात उतरले. डिसेंबर २०१८मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर ते पहिल्यांदा आमदार झाले. पंधरा महिन्यांत, मार्च २०२०मध्ये, सरकार गेलं.

२०१९ला राज्यातल्या २९ जागांपैकी काँग्रेसला एकटं छिंदवाडा मिळालं. तिथे मुलगा नकुलनाथ जिंकले. २०२३च्या विधानसभेत सौंसर, पांढुर्णा धरून छिंदवाड्यातले सातही मतदारसंघ काँग्रेसकडे आले. अवघ्या काही महिन्यांत, २०२४च्या लोकसभेला, भाजपचे विवेक बंटी साहू एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले.

दरम्यान गावाचा जिल्हाही बदलला. ऑक्टोबर २०२३मध्ये पांढुर्णा आणि सौंसर तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. लोकसभेचा मतदारसंघ मात्र छिंदवाडाच राहिला.

इतकी वर्षं एकाच घराला मत देण्यात निष्ठा होती, तसा व्यवहारही होता. केंद्रातला मंत्री आपला असला की दिल्लीत आपलं काम ऐकलं जातं, हा तो हिशेब. मंत्रिपद गेल्यावर पुढे हिशेबही बदलला. मतदाराला भोळा समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मोहगावला जायचं तर नागपूर–सावनेर–सौंसर हा मार्ग सोयीचा. सौंसर तालुक्यातल्याच जामसावळीच्या हनुमानाचं दर्शनही त्याच फेरीत होतं. बोलायला मराठी पुरेशी आहे.