गाडीला पुढे नेतं ते घर्षणच

‘घर्षण चाकाला अडवतं; ते जितकं कमी, तितकी गाडी जोरात.’ भोसरीच्या वर्कशॉपपासून चाकणच्या असेंब्ली लाइनपर्यंत हे वाक्य सारखं कानावर येतं. जिथे गाड्या घडतात तिथेच हा गैरसमज मुरलेला असावा, याचा खरंच वैताग येतो.

पावसाळ्यात तळेगाव-चाकण रस्त्याकडेच्या राड्यात मोटारसायकल रुतली, की तिचं मागचं चाक बघा. ॲक्सिलरेटर पिळला की चाक जागच्या जागी गरगरतं, चिखल मागे उडतो, गाडी तिथेच. चाक जमिनीला मागे रेटतं, म्हणून चिखल मागे जातो. कोरडं डांबर मागे सरकत नाही. ते तोच रेटा घर्षणाच्या रूपाने चाकाला पुढच्या दिशेने परत देतं. इंजिन चाक फिरवतं, गाडीला पुढे ढकलतं ते घर्षण. आणि न घसरता फिरणाऱ्या चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणी रस्त्यावर स्थिर असतो, गाडी ताशी 80 किलोमीटरने धावत असली तरी! म्हणजे इथे लागतं ते स्थितिक घर्षण, घासणारं नव्हे.

मग इंजिन बंद केल्यावर गाडी थांबते कशाने? हवेच्या विरोधाने, आणि टायर सतत दबून-फुगून रबर तापण्यात ऊर्जा जाते म्हणून. टायरमध्ये हवा कमी, तर दबणं जास्त आणि पेट्रोलही जास्त.

कमी करायचं घर्षण वेगळं: आसाजवळचं. चिंचवडच्या एसकेएफ कारखान्यातली बेअरिंगं त्यासाठीच असतात. आसाला ग्रीस हवंच. रस्त्यावर ऑइल सांडलं तर जिवावर बेततं.

आणखी काही गैरसमज:

‘चाक जाम केलं की गाडी लवकर थांबते.’ डांबरी रस्त्यावर घसरणाऱ्या चाकाची पकड घटते, हँडलही ऐकत नाही. म्हणूनच 125 सीसीवरील नव्या दुचाकींना एप्रिल 2019 पासून चाक जाम होऊ न देणारं एबीएस सक्तीचं आहे.

‘पावसात हवा कमी ठेवावी.’ नको. टायरच्या खाचा दबतात आणि पाणी बाहेर पडत नाही.

‘गोटा झालेला टायर अजून चालेल.’ केंद्रीय मोटार वाहन नियम 94 नुसार खाचांची खोली दुचाकी-तिचाकीला किमान 0.8 मिलिमीटर, इतर वाहनांना 1.6 मिलिमीटर हवी.

शिफ्टला निघण्यापूर्वी टायरची हवा आणि खाचा तपासा. वेळेवर ब्रेक लागणं त्यावरच अवलंबून आहे.