हस्तांतरानंतरची नजर
ऑफिसच्या अंतर्गत बांधणीलाही अमेरिकेचे ‘लीड’ हे हरित इमारतींचे प्रमाणपत्र मिळते. चौथ्या आवृत्तीत, यंत्रणांच्या सखोल चाचणीवर न थांबता पुढेही नजर ठेवली तर एक गुण जास्त. मला तो कमी वाटतो. उदाहरणार्थ, गरम पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल तर थंड केलेली हवा पुन्हा तापते. खोलीचे तापमान ठीक राहते, म्हणून तक्रार कुणीच करत नाही. बिल मात्र दोन्हीकडून फुगते. ही चोरी नियमित नोंदींतच सापडते. खर्चाचे काय? बर्कले प्रयोगशाळेच्या २००९च्या अहवालात जुन्या इमारतींत यंत्रणा तपासून दोष दुरुस्त केल्यानेच ऊर्जेची मध्यक बचत १६ टक्के होती, वसुली वर्ष-सव्वा वर्षात. चिलर मालकाचा, असे भाडेकरू म्हणेल. खरे आहे, पण मजल्यावरचे हवेचे डँपर बहुधा भाडेकरूच्याच ताब्यात असतात. आणि नोंदी वाचणारा माणूस नेमला नाही, तर सेन्सर ही भिंतीवरची शोभाच.