चित्रकलेच्या तासापासून संग्रहालयाच्या संचालकपदापर्यंत

इब्न बतूताने नंदुरबारबद्दल लिहून ठेवले आहे, हे आपल्या घरातल्या किती मुलांना ठाऊक आहे? 14व्या शतकात मोरोक्कोचा हा प्रवासी दौलताबादहून निघाला आणि खंबायतकडे जाताना आपल्या गावातून गेला. इथे मराठे राहतात, ते कलाकुसरीत तरबेज आहेत, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, अशी त्याची नोंद आहे. पुढे 17व्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निए याच भागातून गेला. नवापूर हे विणकरांचे मोठे गाव आहे, असे त्याने लिहिले. दोघेही परक्या मुलखातून आलेले, आणि दोघांच्याही नजरेत भरली ती इथल्या माणसांच्या हातातली कला.

आज त्याच जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत चित्रकलेचा तास हा सगळ्यात आधी कापला जाणारा तास आहे. परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो, उरला तर विज्ञानाला. पालकसभेत एखाद्या अम्मींना सांगितले, "मुलीचा हात चांगला आहे, तिला रेखाकला परीक्षेला बसवा," तर उत्तर ठरलेले असते, "टीचर, चित्रं काढून पोट भरतं का?"

प्रश्न रास्त आहे. घरात कमावणारा एक आणि शिकणारे चार असतील, तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण त्याचे उत्तर 'नाही' असे गृहीत धरून आपण गप्प बसतो आणि एक अख्खे क्षेत्र आपल्या मुलांसाठी बंद करून टाकतो. ते क्षेत्र म्हणजे कलाशिक्षण आणि वस्तुसंग्रहालये. या क्षेत्रात आपली माणसे होती आणि आहेत, तीही नेतृत्वाच्या जागी.

तीन माणसे, तीन वाटा

पहिली वाट आपल्या खान्देशाला लागून असलेल्या अजिंठ्याची. 1909 ते 1911 या काळात लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकार बाईंनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या. त्यांच्या मदतीला नंदलाल बोस यांच्यासारखे बंगालचे तरुण होते, तसेच हैदराबादचे सय्यद अहमद आणि मोहंमद फजलुद्दीन हेही होते. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. सय्यद अहमद पुढे त्याच लेण्यांचे क्युरेटर झाले. त्यांनी आणि मोहंमद जलालुद्दीन यांनी केलेल्या अजिंठ्याच्या नकला हैदराबादच्या राज्य संग्रहालयात आहेत. 1914 साली निजाम सरकारने पुरातत्त्व खाते सुरू केले. त्याचे संचालक गुलाम यजदानी यांनी इटलीहून तज्ज्ञ बोलावून भिंतीवरून सुटणारी चित्रे सावरली आणि 1930 ते 1955 या काळात 'अजंता' हा ग्रंथ चार भागांत प्रसिद्ध केला. बौद्ध लेणी जपण्यात एका मुस्लिम अधिकाऱ्याने आयुष्य घातले. 1959 साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

दुसरी वाट बडोद्याची. नसरीन मोहमदी यांचा जन्म 1937 साली कराचीत झाला आणि त्या मुंबईत वाढल्या. 1972 पासून 1990 मध्ये इंतकाल होईपर्यंत त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कला शिकवत होत्या. पेन्सिल, शाई आणि पट्टी घेऊन त्या फक्त रेषा काढत. 2016 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपली 'मेट ब्रॉयर' ही नवी शाखा उघडली, तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत या शिक्षिकेच्या रेषांचे प्रदर्शन होते.

तिसरी वाट मुंबईची. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 साली खुले झाले. मुंबईतले हे सर्वांत जुने संग्रहालय. काळाच्या ओघात इमारत मोडकळीस आली होती. तस्नीम झकेरिया मेहता यांनी 'इन्टॅक' या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या वतीने तिच्या दुरुस्तीसाठी पाठपुरावा केला. 2003 साली महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि इन्टॅक यांच्यात करार झाला. 2005 साली या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि 2008 साली संग्रहालय पुन्हा उघडले. पुढे संचालक म्हणून त्यांनीच ते चालवले. भिंतीला गिलावा कोणता लावायचा इथपासून महापालिकेकडून मंजुरी कशी आणायची इथपर्यंतची सगळी कामे अशा माणसाला जमावी लागतात. नेतृत्व म्हणतात ते हेच.

संग्रहालयात कोण काय करते?

आपल्याला संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे आणि "हात लावू नका" अशी पाटी आठवते. त्या कपाटांमागे बरीच माणसे असतात. वस्तूंचा अभ्यास करून त्यांची जबाबदारी घेणारा अभिरक्षक, म्हणजे क्युरेटर. प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन नोंद ठेवणारा कर्मचारी. कागद, कापड, धातू टिकवणारा संवर्धक. प्रदर्शनाची मांडणी करणारा रचनाकार. आणि शाळेच्या मुलांना वस्तूंसमोर उभे करून बोलते करणारा शिक्षण विभागातला माणूस.

या शेवटच्या कामाला आता मोठे महत्त्व आले आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 मध्ये 'म्युझियम ऑन व्हील्स' ही बस सुरू केली. आत प्रदर्शन, सोबत शिकवणारी माणसे आणि मुक्काम शहराबाहेरच्या शाळांत. 2019 मध्ये याच संग्रहालयाने मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले. ज्याला वर्गात मुलांना गप्प न करता ऐकते करता येते, त्याच्यासाठी हे काम आहे.

आपल्या मुलांकडे इथे एक जास्तीची पुंजी आहे, ती म्हणजे उर्दू. महाराष्ट्रातल्या संग्रहालयांत फारसी फर्माने आहेत, अरबी-फारसी मजकुराची नाणी आहेत, दर्ग्यांचे आणि किल्ल्यांचे शिलालेख आहेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे ग. ह. खरे फारसी शिकले आणि ऐतिहासिक फारसी कागदपत्रांचे खंड त्यांनी संपादित केले. त्यांनी कष्टाने मिळवलेली लिपी आपली मुले दुसरीतच वाचू लागतात. त्यावर फारसी आणि मोडीची जोड दिली, तर मराठी-उर्दू दोन्ही जाणणारा असा उमेदवार कोणत्याही संग्रहालयाला हवाच असेल.

तसवीरचा प्रश्न

अनेक घरांत जिवंत प्राण्यांची चित्रे काढण्याबद्दल मनात संकोच असतो. शासकीय रेखाकला परीक्षेत स्मरणचित्राच्या पेपराला माणसे काढावी लागतात, हेही खरे. हा मसअला ज्यांच्या इल्मवर आपला विश्वास आहे त्या उलमांना विचारावा. शिक्षकाने इतकेच सांगावे की या क्षेत्राचा मोठा भाग या प्रश्नाला स्पर्शही करत नाही. खत्ताती, भौमितिक नक्षी, विणकाम, नाणी, हस्तलिखितांचे जतन, वास्तूंची मोजणी यांत चित्रकाराची नजर लागते, पण चेहरा काढावा लागत नाही. नसरीन मोहमदींच्या रेषा हा त्याचा पुरावा आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषद खत्ताती आणि ग्राफिक डिझाइनचे प्रशिक्षण वर्ग चालवते.

आणखी एक गोष्ट. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने आखलेल्या अभ्यासक्रमात मातृभाषा, गणित, विज्ञान यांच्या रांगेत चित्रकलेला जागा होती. पुढे राष्ट्रपती झालेल्या या शिक्षकाला चित्रकलेचा तास फालतू वाटला नव्हता.

शिक्षण कुठे मिळते?

सुरुवात शाळेतच होते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा द्याव्यात. इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. चित्रकला शिक्षक व्हायचे असेल तर कला शिक्षक पदविका, म्हणजे ए.टी.डी. हा जुना मार्ग आहे. पदवीसाठी मुंबईचे 1857 पासूनचे सर ज. जी. कला महाविद्यालय आहे, शिवाय छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे शासकीय कला महाविद्यालये आहेत.

आपल्याला मुंबईपेक्षा बडोदा जवळ. रेल्वेने सुरतेवरून जाता येते. तिथल्या विद्यापीठात 1952 पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, देशातला पहिला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातही संग्रहालयशास्त्र शिकवतात. दिल्लीच्या जामिया मिल्लियात कलाशिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे. अलीगढ आणि जामिया या दोन्ही ठिकाणी मुलींची वसतिगृहे आहेत, हे अम्मी-अब्बांनी लक्षात ठेवावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्राची पदव्युत्तर पदविका करता येते. इतिहास, उर्दू, फारसी, रसायनशास्त्र अशा वेगवेगळ्या विषयांचे पदवीधर या क्षेत्रात येतात. रसायनशास्त्राचे का, तर जुना कागद आणि धातू टिकवणे हे रसायनांचेच काम आहे.

अडचणीही सांगायला हव्यात. कायम पदे थोडी असतात. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या जाहिरातींची वाट पाहावी लागते. पहिली काही वर्षे कंत्राटावर, कमी पगारावर जातात. म्हणून सोबत बी.एड. किंवा ए.टी.डी.सारखी पदवी-पदविका असावी. एक दार बंद असेल तर दुसरे उघडे राहते.

आपल्या हातात काय आहे?

मुलांना घेऊन धुळ्याला जा. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाने 1927 साली सुरू झालेल्या संशोधन मंडळाचे संग्रहालय तिथे आहे. शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला फारुकी सुलतानांचे मकबरे आहेत. या घराण्याने 1601 मध्ये अकबर बादशहाने असीरगड घेईपर्यंत खान्देशावर राज्य केले. आपल्या जिल्ह्यातल्या प्रकाशा इथे 1955 साली उत्खनन झाले आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. दसरा-दिवाळीच्या सुट्टीतला एक दिवस पुरतो. सोबत वही-पेन्सिल द्या, मोबाइल नको.

शाळेत विचारा की चित्रकलेचा तास खरोखर होतो का. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत 100 पेक्षा जास्त मुले असतील, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असायला हवा. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत असते. हा विषय त्या बैठकीत मांडता येतो. 18 मे हा जागतिक संग्रहालय दिन सुट्टीत येतो. त्या दिवशी मोहल्ल्यातल्या एका खोलीत घरोघरची जुनी तांब्याची भांडी, दादीची ओढणी, हाताने लिहिलेले कुराण शरीफ, शेजारच्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांचे दागिने मांडा. प्रत्येक वस्तूखाली ती कोणाची, कधीची, कशासाठी होती, हे मुलांनी मराठीत आणि उर्दूत लिहावे. ही कामे जी मुलगी मनापासून करेल, तिच्यात अभिरक्षक दडलेली आहे असे समजा.

जिथे आपला इतिहास मांडला जातो, तिथे आपली मुले नसतील, तर आपली गोष्ट दुसरा कोणी सांगेल. कदाचित चांगली सांगेल, कदाचित अर्धी. नंदुरबारच्या हातातली कला इब्न बतूताला दिसली होती. आपल्याच घरातल्या मुलीच्या हातातली कला आपल्याला दिसावी, एवढीच अपेक्षा. यंदा रेखाकला परीक्षेचे अर्ज निघतील, तेव्हा तिचे नाव त्यात असू द्या. अल्लाहने दिलेला हुनर वाया जाऊ न देणे, हीसुद्धा पालकांवरची जबाबदारीच आहे.