कुठेही ठेवता येणारे घर

घर ओस पडण्याची कारणे सहसा घराबाहेर शोधली जातात. वारसांमधले तंटे, रोजगारासाठी रिकामे झालेले गाव किंवा न्यायालयात अडकलेली मालकी ही त्यातली नेहमीची कारणे होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र काही घरे अशी उभी राहिली की, त्यांच्या ओसाडपणाची बीजे त्यांच्या आकारात, त्यांच्या द्रव्यात आणि त्यांच्या सांध्यांतच होती, असे म्हणावे लागते. फिनलंडचे वास्तुरचनाकार मट्टी सूरोनेन (१९३३–२०१३) यांनी १९६८ मध्ये लोकांसमोर आणलेले ‘फुतुरो’ हे या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध घर होय. चार पोलादी पायांवर उभी असलेली, कमरेभोवती लंबवर्तुळाकार खिडक्यांची माळ असलेली आणि पोटातून जिना खाली सोडणारी ही प्लास्टिकची तबकडी परग्रहावरून आलेल्या यानासारखी दिसते. जगभर तिची छायाचित्रे छापली जातात ती मुख्यतः या साम्यासाठीच. त्यामुळे घर म्हणून ती कशी रचली होती आणि घर म्हणून ती का चालली नाही, हे अधिक महत्त्वाचे प्रश्न मागे पडतात.

या आकाराचा उगम अंतराळस्वप्नांत होता, असे समजणे स्वाभाविक असले तरी ते पूर्णतः खरे नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यास सूरोनेन यांच्याकडे त्यांच्या एका शाळासोबत्याने बर्फावरच्या घसरखेळासाठी, म्हणजे स्कीइंगसाठी, डोंगरात राहण्यापुरते घर मागितले आणि त्याच्या अटी दोनच होत्या: ते लवकर तापले पाहिजे आणि खडकाळ, चढउताराच्या जमिनीवर उभे करता आले पाहिजे. सूरोनेन यांनी त्यापूर्वी सेइनायोकी या गावातील धान्यकोठारासाठी प्लास्टिकचा मोठा घुमट तयार केला होता आणि तो अनुभव त्यांनी येथे वापरला. ठरावीक घनफळ सामावून घेणाऱ्या सर्व आकारांत गोलाचा पृष्ठभाग सर्वांत कमी असतो, म्हणून गोलाकडे झुकणारे घर चौकोनी घरापेक्षा कमी उष्णता गमावते. आणि घर जमिनीला न टेकता पायांवर उभे असेल, तर त्यासाठी डोंगर कापून सपाटी करावी लागत नाही. एवढा विचार केला, तरी हिशेब तबकडीच्या जवळ येऊन पोहोचतो. पुढे १९६८ मध्ये ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ हा चित्रपट आला, १९६९ मध्ये मानवाने चंद्रावर पाऊल ठेवले आणि थंडीच्या गणितातून निघालेल्या या घराला विक्रेत्यांनी अंतराळयुगाचा मुलामा दिला, जो त्यावर इतका पक्का बसला की खालचा धातू दिसेनासा झाला.

घराचा व्यास ८ मीटर आणि उंची सुमारे ४ मीटर होती. त्याचे कवच १६ तुकड्यांचे, म्हणजे वरचे आठ आणि खालचे आठ असे होते आणि हे तुकडे कारखान्यात साच्यांतून काढून जागेवर बोल्टांनी जोडले जात. तुकड्यांचे द्रव्य म्हणजे काचेच्या बारीक तंतूंनी बळकट केलेले पॉलिएस्टर, ज्याच्या होड्या कोकणच्या किनाऱ्यावर आता सर्रास दिसतात आणि ज्याला तेथे नुसते ‘फायबर’ म्हटले जाते. पॉलिएस्टरची राळ द्रवरूपात साच्यात ओतली किंवा थापली जाते, तिच्यात काचतंतूंचे थर बसवले जातात आणि रासायनिक क्रियेने ती घट्ट झाली की हलके, न गंजणारे आणि हव्या त्या वळणाचे कवच मिळते. फुतुरोत अशा दोन पापुद्र्यांच्या मध्ये पॉलियुरेथेनचा फेस भरलेला असे आणि त्या फेसात अडकलेल्या वायूमुळे उष्णता बाहेर निसटत नसे. शून्याखाली २९ अंश सेल्सिअस तापमानात थिजलेले घर विजेच्या शेगडीने अर्ध्या तासात १६ अंशांपर्यंत आणता येते, असा दावा करण्यात येत होता. सारे कवच एका पोलादी कड्यावर बसत असे, कड्याला चार पाय असत आणि त्या पायांखाली काँक्रीटचे चार खुंट घातले की पायाचे काम संपत असे. सुटे भाग आणून दोन दिवसांत घर उभे करता येई, किंवा हेलिकॉप्टरखाली टांगून अख्खे घरच उचलून नेता येई. जागा बदलायची असल्यास घर विकण्याऐवजी घरच बरोबर न्यावे, हा त्यामागचा विचार आणि जाहिरातीचा मुख्य भर होता.

आतील मांडणी मात्र याच्या नेमकी उलट, म्हणजे तसूभरही न हलणारी होती. विमानाच्या दारासारखा खाली उघडणारा जिना चढून प्रवेश केला की दिवाणखाना लागे, ज्याच्या वर्तुळाकार भिंतीला धरून पाठ मागे टाकता येणाऱ्या आसनांची रांग असे आणि रात्री तीच झोपण्याच्या जागा होत. मध्यभागी मांस भाजण्याची सोय असलेली आगटी, आणि बाजूला छोटे स्वयंपाकघर, स्नानगृह व एक शयनकक्ष असे. सर्वांत रुंद भागी हिशेब केला, तर घराचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मीटर भरते, पण जमीन त्या रुंद भागाच्या खाली, जेथे कवच आत वळू लागते तेथे असते. साहजिकच पाय ठेवण्याची जागा या आकड्यापेक्षा बरीच कमी मिळते. कडेला डोक्यावरचे छत खाली येते, कपाट टेकवण्यास सरळ भिंत नाही, खिळा ठोकण्यास जागा नाही आणि बाजारातला कोणताही पलंग तेथे बसत नाही. ज्याने फुतुरो घेतले त्याने कारखान्यात ठरलेले सगळे सामान त्यासोबत घेतले असे झाले. मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाने मुलाच्या लग्नाआधी मागच्या बाजूला एक खोली काढावी, तशी वाढ येथे अशक्यच होती. लंबवर्तुळ हे पूर्ण असते आणि जे पूर्ण असते त्याला पडवी जोडता येत नाही.

ऑक्टोबर १९६८ मध्ये लंडन येथील फिनिश मालाच्या प्रदर्शनात हे घर झळकले आणि पॉलिकेम या उत्पादक कंपनीकडून अनेक देशांतील उद्योजकांनी ते बनवण्याचे परवाने घेतले. उत्सुकता अफाट होती. विक्री मात्र मुळीच तशी नव्हती. फिनलंडमधील एका दूरचित्रवाणी कलावंताने पुलावेसी सरोवराच्या काठी आपले फुतुरो बसवले तेव्हा परिसरातील लोकांनी ते निसर्गाशी विसंगत असल्याची तक्रार केली. अमेरिकेत १२ ते १४ हजार डॉलर किमतीला हे घर विकू पाहणाऱ्यांना अनेक नगरपालिकांच्या जमीन-वापराच्या नियमांनी अडवले, बँका कर्ज देताना कचरल्या आणि काही ग्राहकांनी भरलेली अनामत सोडून देऊन माघार घेतली. बँकांच्या या कचरण्यात वेडेपणा नव्हता. गृहकर्जाचे तारण म्हणजे जमिनीशी बांधलेली वास्तू, आणि या वास्तूचा तर गुणच असा सांगितला जात होता की, ती एके दिवशी सकाळी उचलून नेता येते.

अपयशाचे सर्वाधिक सांगितले जाणारे कारण म्हणजे १९७३ चे तेलसंकट. अरब तेलउत्पादक देशांच्या निर्बंधांनंतर १९७४ च्या प्रारंभापर्यंत कच्च्या तेलाचा भाव सुमारे चौपट झाला, आणि प्लास्टिक खनिज तेलापासूनच तयार होत असल्याने या घरांचा उत्पादनखर्च आवाक्याबाहेर गेला, हे खरेच आहे. तथापि १९६८ ते १९७३ ही पाच वर्षे स्वस्त तेलाची होती आणि त्या काळातही हे घर मोठ्या संख्येने खपले नाही. एकूण उत्पादन शंभराच्या आतच राहिले. तेलसंकटाने आधीच अशक्त असलेल्या व्यवसायावर शेवटचा घाव घातला, एवढेच त्यावरून म्हणता येते. दुखणे जुने होते. ज्या घराला ठावठिकाणा नको, त्याला शेजारही मिळत नाही. ज्यांनी ते विकत घेतले त्यांच्यापैकी अनेकांनी त्याचा उपयोग राहण्यासाठी न करता लोकांचे लक्ष वेधण्यासाठी केला: १९७४ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे एका फुतुरोत बँकेची शाखा चालवली गेली आणि अन्यत्र त्यांत विक्री कार्यालये थाटली गेली. लक्ष वेधण्याचे काम संपले की अशा वास्तूची गरजही संपते आणि तेथून ओसाडीला सुरुवात होते.

तैवानच्या उत्तर किनाऱ्यावरील वानली येथे फुतुरो आणि सूरोनेन यांचेच ‘व्हेंचुरो’ नावाचे, १९७१ मधील चौकोनी धाटणीचे घर, अशा दोन्ही प्रकारच्या घरांची एक सुट्टीची वसाहत आहे आणि तिच्यातील कित्येक घरे रिकामी पडली आहेत. तिची गल्लत त्याच किनाऱ्यावरील सान्झी येथील वसाहतीशी नेहमी केली जाते. सान्झीची घरेही प्लास्टिकच्या कवचांची आणि तबकडीच्या वळणाची होती, पण ती फुतुरो नव्हती. एकावर एक रचलेल्या त्या रंगीत कोषांचे बांधकाम १९७८ मध्ये सुरू झाले आणि गुंतवणूक बुडाल्याने १९८० मध्ये अर्धवट सोडून देण्यात आले. रस्ता रुंद करताना प्रवेशद्वारावरचे ड्रॅगनचे शिल्प तोडल्याने ती जागा बाधित झाली, अशी कथा पुढे पसरली. दिवाळखोरीपेक्षा शाप अधिक काळ लक्षात राहतो, त्यामुळे छायाचित्रांखाली आजही तीच कथा वाचावयास मिळते. २००८ च्या अखेरीस सान्झीची घरे पाडण्यास प्रारंभ झाला आणि २०१० पर्यंत तेथे काही उरले नाही.

जी घरे पाडली गेली नाहीत, त्यांचे क्षरण विटांच्या घरापेक्षा निराळ्या रीतीने होते. वीटकाम पडते तेव्हा छत आधी कोसळते आणि भिंती मागे राहतात; येथे कवच जवळजवळ अभंग राहते आणि इतर सर्व नाहीसे होते. सूर्याच्या अतिनील किरणांनी कवचाचा रंगीत बाह्यथर, ज्याला या व्यवसायात जेलकोट म्हणतात, खडूसारखा भुरभुरीत होतो आणि खालचे काचतंतू उघडे पडतात, पण त्याने कवच मोडत नाही. खरा धोका सोळा तुकड्यांच्या सांध्यांतून सुरू होतो, कारण त्यांतील भरण वाळून तडकले की पाणी आत झिरपते, दोन पापुद्र्यांमधील फेस ओला होऊन उष्णता राखण्याचे काम सोडतो आणि हवेशीर नसलेल्या पोकळीत बुरशी धरते. प्लास्टिकच्या खिडक्या पिवळट होऊन चिरतात आणि बहुधा दगडाने फुटतात. प्लास्टिकचे घर नष्ट करणे किती अवघड असते, हे कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९५७ पासून दहा वर्षे उभ्या असलेल्या मॉन्सँटो कंपनीच्या ‘भविष्यातील घरा’ने दाखवून दिले, ते पाडताना पोलादी गोळा कवचावर आपटून मागे उसळू लागला आणि शेवटी कामगारांना करवती हाती घ्याव्या लागल्या, असे सांगितले जाते.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात रॉइस सिटीजवळ महामार्गाच्या कडेला उभे असलेले फुतुरो हे अशा क्षीण होत गेलेल्या घराचे बहुधा सर्वाधिक छायाचित्रित उदाहरण असावे. ओसाड वास्तूंत शिरून त्यांची चित्रे टिपण्याचा छंद गेल्या काही दशकांत वाढला असून अशी घरे त्या छंदिष्टांची आवडती आहेत. दार निघालेले, आसने उखडलेली आणि आतला प्रत्येक वक्र रंगफवाऱ्यांनी भरलेला, अशा अवस्थेत ते घर जाणाऱ्या-येणाऱ्यांसमोर आलेले आहे. अशा रिकाम्या कवचात बोलले असता वक्र पृष्ठभागांमुळे आवाज विखुरण्याऐवजी एकवटून परततो, आणि पाहणाऱ्याला जी अनैसर्गिक भावना होते तिचा बराचसा भाग या ध्वनिशास्त्रातून येतो. मालकाच्या परवानगीशिवाय आत शिरणे बेकायदा असते हे तर झालेच. त्याखेरीज फुटलेल्या कवचाचे काचतंतू त्वचेत रुततात आणि पॉलियुरेथेनचा फेस पेटल्यास हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू सुटतात, म्हणून आत शेकोटी करण्याचा मोह जीवघेणा ठरू शकतो.

तरीही सुमारे साठ फुतुरो आज कोणत्या ना कोणत्या स्थितीत शिल्लक आहेत आणि त्यांच्या टिकण्याचे श्रेय त्याच गुणाला द्यावे लागते, ज्याने त्यांना बेघर केले होते. जे उचलून नेता येते ते वाचवताही येते. दक्षिण आफ्रिकेतील एक मोडकळीस आलेले फुतुरो सुटे करून इंग्लंडमध्ये नेण्यात आले, दुरुस्तीनंतर ते २०१४ मध्ये लंडनमध्ये एका कलादालनाच्या गच्चीवर बसले आणि पुढे एका कलामहाविद्यालयाच्या गच्चीवर. विटांच्या बंगल्याच्या नशिबी हे येणे शक्य नव्हते. फुतुरोचे मूळ नमुनाघर, ज्यावर ००० हा अनुक्रमांक आहे, २००७ मध्ये नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या बॉइमान्स व्हान ब्यूनिंगेन संग्रहालयाने घेतले. संग्रहालयात आल्यावर त्यापुढे नवीच अडचण उभी राहते: पिवळी पडलेली मूळ खिडकी ठेवावी की त्याच मापाची नवी बसवावी, आणि ओला झालेला मूळ फेस काढून टाकला तर उरलेल्याला मूळ घर म्हणावे काय, याबद्दल दगड-लाकडाच्या वास्तूंसाठी शतकभरात घडलेले संकेत प्लास्टिकच्या बाबतीत अपुरे पडतात, कारण लाकडाला लाकूड सांधता येते, पण एकदा घट्ट झालेली राळ पुन्हा वितळवून जोडता येत नाही. फिनलंडमधील एस्पो शहराने ००१ क्रमांकाचे फुतुरो २०१२ पासून वीजी या प्रदर्शनकेंद्राच्या आवारात ठेवले असून ते आत जाऊन पाहता येते. हिवाळ्यातील डोंगरासाठी कल्पिलेले हे घर तेथे केवळ उन्हाळ्यात, मे ते सप्टेंबर या काळातच उघडे असते.